परतओढ

व्हिसाच्या मुलाखतीत विचारतात ते सगळे प्रश्न पद्मजा कित्तूरला पाठ होते, आणि त्यांची उत्तरं तिनं निम्म्या सांगलीकडून घोकून घेतली होती. कशाला चाललात? किती दिवस राहणार? खर्च कोणाचा? तिकडे कोण आहे? इकडे मागे कोण आहे? आणि सगळ्यात शेवटी, गोड हसून, परत कशावरून याल?

गणपती पेठेत हळदीच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस होतं. जिना चढून येणारा माणूस आधी दोनदा शिंकायचा आणि मग परदेशाचं बोलायचा. उज्ज्वला शेटेही शिंकली, पदरानं नाक पुसून खुर्चीत टेकली आणि म्हणाली, की लेकीचं बाळंतपण करायला जायचंय.

पद्मजानं कानाला हात लावले. हा शब्द त्या खिडकीशी उच्चारायचासुद्धा नाही, असं तिनं बजावलं. तिकडच्या कायद्यानं बाळाला न्हाऊ घालणं हे काम, बाळंतिणीला शेक देणं हेही काम, आणि काम करायला जायचं तर व्हिसा वेगळा. पाहुण्याच्या व्हिसावर माणसानं फक्त पाहुणं असायचं.

"मग काय सांगू?"

"भेटायला चालले म्हणायचं, काकू. बाळ बघायला."

उज्ज्वलाला हे काही पटलं नाही. लेक अवघडलेली असताना आईनं नुसतं बघायला जायचं, ते काय प्रदर्शन आहे? पण तिनं मान डोलावली. सगळं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलेलं, त्यामुळे समोरच्याच्या मापानं बोलायची तिला सवय होती. लेकीला, ईश्वरीला, दिवस गेले होते ते तिसऱ्या खेपेला. आधीचं दोन्ही वेळा टिकलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा लेक तिकडे, आई इकडे, मधे फोनची काच. या खेपेला ईश्वरीनं आढेवेढे न घेता सांगितलं होतं, "आई, ह्या वेळी तू हवीस." माघात तारीख होती. त्याआधी उज्ज्वलाला तिथे पोहोचायचं होतं. तिचं एवढंच मागणं होतं.

प्रश्नोत्तरं झाली. पद्मजानं खूष होऊन चहा मागवला. "आता राहिली टोपी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उतरला.

टोपी येऊन तीनेक वर्षं झाली होती. त्याआधी साहेब लोक पासबुकं बघायचे, सातबारे बघायचे, आणि त्यावरून अंदाज बांधायचे, की हा गृहस्थ परत येईल की तिकडेच ठाण मांडेल. पण माणूस तोंडानं खोटं बोलतो आणि कागदानं त्याहून सफाईनं बोलतो. म्हणून त्यांनी माणसाला विचारायचं सोडून त्याच्या मेंदूला विचारायला सुरुवात केली. खिडकीवरचे प्रश्न तसेच राहिले, पण केवळ रिवाज म्हणून, मुलगी पसंत आहे हे आधीच ठरलेलं असताना तिला स्वयंपाक येतो का विचारावं, तसे.

मेंदूत आत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. जागा ध्यानात ठेवणं हे त्याचं काम. स्वयंपाकघरासाठी त्यातल्या काही पेशी जाग्या होतात, जिन्यासाठी दुसऱ्या, कोपऱ्यावरच्या वाण्यासाठी तिसऱ्या. हे शास्त्रज्ञांना जुनंच होतं. नंतर ध्यानात आलं ते असं, की हाच भाग उद्याचं चित्रही काढत असतो. माणूस गप्प बसला की या पेशी आपल्या आपण पुढे चालू लागतात. उठेन, दार उघडेन, दूध आत घेईन. आपण ज्याला उद्या म्हणतो, तो म्हणजे ओळखीच्या जागांमधून मेंदूनं आगाऊ मारलेली एक फेरी. या पेशींच्या हालचालीचं अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेर येतं. ते टिपणाऱ्या चकत्या टोपीत बसवल्या, की बाकी काम यंत्र करतं.

चाचणी दिसायला साधी. तुमच्या घराचे फोटो दाखवतात, मग तुम्ही जिथे जाणार तिथले. प्रत्येक फोटोनंतर पडदा थोडा वेळ नुसता पांढरा होतो. त्या पांढऱ्यात मेंदू मोकळा सुटतो, आणि टोपी बघते की तो कुठल्या बाजूला जातो. आपल्या स्वयंपाकघराचा फोटो बघून डाळ भिजत घालायचीय हे मनात आलं, तर तो उद्या. इथे हे जेवायला बसायचे हे आलं, तर तो काल. ज्या जागेत तुमचा उद्या जास्त, तिकडे तुमची ओढ जास्त, एवढा सरळ हिशेब. उद्याला गुण होते, आठवणींना नव्हते.

याला एक लांबलचक सरकारी नाव होतं. लोक नुसतं 'ओढ' म्हणत. पूर्वी मुलांना टक्के विचारत, तशा आता बायका हळदीकुंकवात एकमेकींना विचारत, तुमच्या यजमानांची ओढ किती पडली हो? पंच्याहत्तरच्या वर पडली तर व्हिसा. मग ओढ वाढवायचे धंदे सुरू झाले. पोरं घाईघाईनं लग्नं करू लागली. रोपवाटिकावाल्यांनी बंगले बांधले, कारण स्वतः लावलेलं कलम उद्याकडे खेचतं म्हणे. आणि कुत्री. पिल्लू आणून जीव लावला, की दहा गुण हमखास. व्हिसा झाला की माणूस जायचा आणि कुत्रं राहायचं. विश्रामबागेत कुठल्याही गल्लीत जा, कुलूपबंद फाटकासमोर गळ्यात रंगीत पट्टा असलेलं एखादं कुत्रं रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं दिसे. लोक त्यांना व्हिसाची कुत्री म्हणत आणि भाकरी टाकत.

गणपती उठल्यावर उज्ज्वला पुण्याच्या केंद्रात जाऊन आली. खिडकीवर एकही उत्तर चुकली नाही. 'भेटायला' हा शब्द तिनं इतक्या निर्विकारपणे उच्चारला, की पद्मजाला अभिमान वाटला असता. मग टोपी घातली, फोटो झाले, आणि ओढ पडली एकोणीस.

पद्मजानं एवढी कमी ओढ कधी पाहिली नव्हती. अहवालात फोटोगणिक गुण होते. स्वयंपाकघराला शून्य, देवघराला शून्य, गॅलरीला शून्य. यंत्र बिघडलं असेल म्हणावं, तर तिकडच्या फोटोंना रग्गड गुण. शेवटी ती स्वतःच विश्रामबागेत उज्ज्वलाच्या घरी गेली आणि दारातच थबकली.

घर लख्ख होतं. फ्रिज रिकामा करून, पुसून, दाराला फडक्याची घडी लावून उघडा ठेवलेला. पडदे धुऊन, घड्या करून कपाटात. कुंड्या शेजारीपाजारी वाटून टाकलेल्या, गॅलरीत त्यांचे गोल डाग तेवढे उरलेले. लोणच्याच्या बरण्या नणंदेकडे. देवघर मोकळं. देव कुठे म्हणून विचारलं, तर उज्ज्वलानं तांदळाचा डबा दाखवला. घर बंद करून लांब जायचं असलं, की देवांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांना तांदळात ठेवतात, तसे तिनं ठेवले होते. आणि दिवाणखान्याच्या मधोमध भरलेली, दोरी बांधलेली, तीनदा वजन केलेली बॅग.

विमान पौषात सुटायचं होतं. आत्ता भाद्रपद चालला होता.

"ऐन वेळी घाई नको म्हणून जरा आवरलं," उज्ज्वला म्हणाली. तिच्या सासूबाईंची शिस्तच होती तशी. घर सोडताना मागच्या माणसाला एक वाटी विसळावी लागता कामा नये. मागे माणूसच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पद्मजा त्या बॅगेवरच बसली. तिला हसावं की रडावं कळेना.

"काकू, तुम्ही गेलाच आहात की. टोपी काय खोटं सांगतीय?"

पुन्हा टोपी घालायला तीन महिने थांबावं लागणार होतं. पद्मजानं इलाज सांगितला तो असा, की पसारा मांडा. नाटक चालणार नाही, टोपीला नाटक कळतं. खरोखरीची कामं काढा, आणि ती अर्धवट सोडा. अर्ध्यावर टाकलेलं काम मेंदूला स्वस्थ बसू देत नाही, ते सारखं उद्याकडे बोट दाखवतं. दुसरं, कोणीतरी आपल्यावाचून अडणारं पाहिजे. आणि तिसरं सांगताना तिनं खिडकीबाहेर बघितलं. लेकीचे फोन कमी करा. सोनोग्राफीचे फोटो बघू नका. पाळणा, टोपडी, बाळाची खोली, काही बघू नका, काही ऐकू नका. तिकडे उद्या तयार होतो आणि इकडचा आटतो.

उज्ज्वलानं देव तांदळातून काढले, न्हाऊ घातले, त्यांची माफी मागितली. गोधडी शिवायला घेतली. कुत्र्याला मात्र तिनं साफ नकार दिला. तेवढं पाप नको, म्हणाली.

मग पद्मजानं समोरच्या बंद दाराकडे नुसती भुवई उडवली.

समोर शैला आवटी राहत. गावभर त्या 'आवटी बाई' होत्या. तीस वर्षं मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली, आवाज अख्ख्या मैदानाला पुरून उरणारा. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, पण तिची धार तेवढीच राहिली. मुलगा परदेशात. तो येऊ शकत नव्हता, कारण इकडे आला तर तिकडे परत घेताना त्यालाही टोपी होती, उलट्या बाजूची. सकाळी एक बाई यायची, पोळीभाजी टाकून, अंग पुसून जायची. बाकी दिवस आवटी बाई आणि छत.

उज्ज्वला वाटीभर मऊ भात घेऊन गेली, तेव्हा बाईंनी भाताकडे न बघता तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून ही बया दिवाळीच्या ताटापलीकडे कधी आत आली नव्हती.

"ओढ किती पडली?"

उज्ज्वलाला खोटं सुचलं नाही. "एकोणीस," ती म्हणाली.

"म्हणजे मी तुझं कुत्रं," बाई म्हणाल्या. "मग पट्टा तरी चांगला आण. लाल नको. लाल मला शोभत नाही."

आणि त्यांनी तोंड उघडलं, घास घ्यायला.

त्या रात्री उज्ज्वलानं ईश्वरीला सगळं सांगून टाकलं. टोपीचं, गुणांचं, फोन कमी करण्याचं. ईश्वरी शहाणी मुलगी होती. बरं, म्हणाली. मग आठवड्यातून एकदा, गुरुवारी सकाळी फोन होऊ लागला. त्यात हवा, जावयाची बदली, तिकडे मिळणारी भेंडी किती जून असते, असं बोलणं. पोटाचं कोणी काही काढायचं नाही. कॅमेरा ईश्वरी फक्त तोंडापुरता धरायची. हळूहळू तीही खिडकीवरच्या उमेदवारासारखी बोलायला लागली. विचारलं तेवढंच, थोडक्यात, हसून. उज्ज्वलाला ते जाणवायचं. मग ती फोन ठेवून मुद्दाम गोधडीचे टाके घालायला बसायची, आणि टाके वाकडे पडायचे.

बाईंच्या घरचं मात्र वाढत गेलं. आधी दुपारचा भात, मग गोळ्या, मग व्यायाम. व्यायाम बाईच शिकवायच्या, स्वतःच्याच शरीराला, उज्ज्वलाच्या हातांनी. तिनं उजवा पाय धरायचा, गुडघ्यात वाकवायचा, आणि बाईंनी पलंगावरून आज्ञा सोडायची, जड जिभेनं, पण मैदानावरच्याच सुरात. नीट धर. पीठ मळत नाहीयेस. उज्ज्वलालाही हसू यायचं. गोळ्या गुळाच्या खड्याबरोबर दिल्या तरच बाई गिळतात, नाहीतर जिभेखाली ठेवून नंतर उशीच्या अभ्र्यात टाकतात, हे तिनं शोधून काढलं. सकाळच्या बाईला हे वर्षभरात कळलं नव्हतं. गुपचूप टाकलेल्या गोळ्यांवरून उज्ज्वलाचं आणि आवटी बाईंचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यानंतर त्या एकमेकींशी घरच्यांसारख्या बोलायला लागल्या.

"जाशील ना मग पौषात?" एकदा बाईंनी विचारलं, सहज विचारल्यासारखं.

जायचंय म्हणूनच तर येते, असं उज्ज्वला म्हणाली. ते खरंही होतं. फक्त म्हणताना तिला पहिल्यांदा ते आठवावं लागलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बाई उठून उभ्या राहिल्या. उज्ज्वलाच्या खांद्यावर भार टाकून पलंगापासून गॅलरीपर्यंत गेल्या, गजांना धरून उभ्या राहिल्या, आणि खाली रस्त्यावरून शाळेला चाललेल्या पोरींना ओरडून म्हणाल्या, की पाय उचला, पाय घासत चालू नका. पोरी दचकून वर बघू लागल्या. दोघी इतक्या हसल्या, की उज्ज्वलाला भीती वाटली, आता दोघी मिळून पडतो. मग शिरा केला. मग त्या गॅलरीत दोरी बांधायची ठरली, धरून चालायला. कुठली दोरी, किती उंचीवर, यातच दुपार झाली.

घरी येऊन पाणी पिताना तिच्या लक्षात आलं, आज गुरुवार. सकाळी फोन करायचा होता.

तिनं लगेच फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी ईश्वरीचा दोन ओळींचा निरोप आला, असू दे, कामात असशील. उज्ज्वलानं हे पद्मजाला सांगितलं ते रडवेली होऊन. पद्मजानं टेबलावर थाप मारली.

"हेच पाहिजे होतं, काकू. आता घाला टोपी."

ओढ पडली एक्क्याण्णव. पुण्याच्या केंद्रातला माणूसही चकित झाला. तीन महिन्यांत एकोणीसवरून एक्क्याण्णव त्यानं पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघर, गॅलरी, समोरचं दार, सगळीकडे उद्याच उद्या. व्हिसा त्याच दिवशी मिळाला. उज्ज्वलानं केंद्राच्या पायरीवर उभं राहूनच फोन लावला, कारण आता काही बंधन नव्हतं, आता पोट बघायचं होतं, खोली बघायची होती, सगळं विचारायचं होतं.

ईश्वरीनं कॅमेरा तोंडापुरताच धरला.

व्हिसा मिळाला हे ऐकून ती हसली, बरं झालं म्हणाली. मग तिनं सांगितलं. बाळ गेलं. पोटातच. मुलगी होती. तीन आठवडे झाले.

रस्त्यावरून वाहनं जात होती. उज्ज्वलानं त्या चुकलेल्या गुरुवारापासूनचे आठवडे मोजले नाहीत. मोजायची तिची हिंमत नव्हती.

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं असतं तर तुझी ओढ कमी पडली असती." ईश्वरीचा आवाज सपाट होता. "मला वाटलं, निदान तू तरी यावीस. किती पडली?"

उज्ज्वलानं आकडा सांगितला.

"एवढी," ईश्वरी म्हणाली. ती आईकडे बघत राहिली, जणू तिचं तोंड पहिल्यांदा बघत होती. "नको येऊस, आई. आता काय करणार येऊन?"

फोन बंद झाला. उज्ज्वला पायरीवर बसली. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. आणि डोळ्यांत पाणी यायच्याही आधी तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की म्हणजे आता बाईंच्या व्यायामात खंड पडायला नको. क्षणभर तिला हलकं वाटलं. दुधात माशी दिसावी तसा तिला तो विचार दिसला, स्वच्छ, पाय हलवणारा. मग ती रडली. पण तो आधी आला होता, आणि हे जगात कोणी पाहिलं नसलं तरी तिनं पाहिलं होतं.

ती जायला निघाली. ईश्वरीला तिनं एवढंच कळवलं, की बाळ नसलं तरी अंग बाळंतिणीचंच आहे, त्याला शेक लागतो, डिंक लागतो, दूध जिरवावं लागतं, आणि ते तिकडे कोणाला येत नाही. ईश्वरीनं उत्तर दिलं नाही. नको असंही पुन्हा म्हणाली नाही. जावयानं तिकिटाचं बघितलं. उज्ज्वलानं पुन्हा बॅग भरली. टोपडी, दुपटी, झबली कपाटात ठेवली, डिंकाचे लाडू घेतले, बाळंतशेपा घेतल्या. या वेळी घर आवरलं नाही. आवरावंसं वाटलंच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंना तिनं जेवू घातलं. सकाळच्या बाईला गोळ्या, गूळ, पाय, दोरी सगळं दोनदा समजावलं होतं, आणि तिला काहीही समजलेलं नाही हेही उज्ज्वलाला समजलं होतं.

"मी काही मरत नाही," बाई म्हणाल्या. "जा. पोरीपाशी जा."

"तिनं सांगितलंय, येऊ नको म्हणून."

"सांगू दे. आईनं ऐकायचं नसतं." मग बाईंनी डाव्या हातानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "लवकर ये, असं म्हणणार होते. म्हणत नाही."

मुंबईच्या विमानतळावर, विमानात चढण्याच्या आधी, टोपी पुन्हा घालतात. व्हिसा आणि प्रवास यांच्या मधल्या काळात माणसाचं मन फिरतं, हे तिकडच्या सरकारला अनुभवानं कळलं होतं. ओढ पंच्याहत्तरच्या खाली गेली, तर तिथूनच परत पाठवतात. पद्मजानं चार-चारदा बजावलं होतं, की टोपीखाली लेकीचा विचार करू नका, तिचं दुःख मनात आणू नका, बाईंचा आणि गॅलरीचा विचार करा.

उज्ज्वलानं रांगेत उभं राहून नेमकं उलटं ठरवलं.

तिला जायचं होतं. पण त्याहून जास्त तिला नापास व्हायचं होतं. आईच्या शब्दावर ईश्वरीचा आता विश्वास उरला नव्हता, आकड्यावर होता. ओढ कोसळली, दारातून माघारी फिरावं लागलं, तर फोन करून सांगता आलं असतं. बघ, तुझ्या आईला सोडलं नाही, कारण ती एकदा आली असती तर परत गेलीच नसती. हे एक वाक्य लेकीच्या हातात द्यायला मिळावं म्हणून ती ते विमान सोडायला तयार होती. ते वाक्य टोपीशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं.

टोपी डोक्यावर आली. थंडगार. पहिला फोटो ईश्वरीच्या घराच्या दाराचा. मग बर्फ पडलेली पायरी. मग वरची खोली, भिंतींना फिकट पिवळा रंग दिलेली. पुण्यात हा फोटो नव्हता, तो रंग तिनं पहिल्यांदाच पाहिला. पडदा पांढरा झाला. उज्ज्वलानं सगळा जीव गोळा केला आणि त्या खोलीत शिरली. लेकीला जवळ घेईन, तिला न्हाऊ घालीन, तिच्या पायांना तेल लावीन. पण खोली पुढे सरकेना. तिथे फक्त झालेलं होतं. कोणीतरी रंग लावला होता, कोणीतरी वाट बघितली होती, आणि ते सगळं संपून गेलं होतं. ती जितकी जोर लावून आत जाई, तितकी मागे मागे जाई. ईश्वरीच्या घरात आता उद्या नव्हताच. ती नुसती आठवण होती, जिला गुण नव्हते.

मग आवटी बाईंचं दार. पडदा पांढरा झाला, आणि तिची पावलं तिला न विचारता चालू लागली. दार ढकललं. गुळाचा डबा उघडला. उजवा पाय धरला. तिनं स्वतःला आवरलं, ओढलं, ईश्वरीचं नाव मनातल्या मनात हाका मारल्यासारखं घेत राहिली. पावलं थांबली नाहीत. सकाळच्या बाईनं आज गोळ्या गुळाबरोबर दिल्या असतील का?

टोपी उतरवणारी मुलगी विशीतली असेल, मराठीच. तिनं आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या.

"चौऱ्याण्णव. इतकी कधी बघितली नव्हती. घरी कोणीतरी फार जवळचं असणार तुमच्या."

उज्ज्वलानं कपाळावरचा टोपीचा वळ चोळला. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, की पुन्हा एकदा घालून बघता येईल का, काहीतरी चुकलं असेल.

मुलगी प्रेमानं हसली.

"पास झालेल्यांची परत नाही घेत, आजी," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला खूण केली.